तिच्या नावावर काय आहे?

आमच्या आत्याला कादंबरीची गोष्ट सांगणे म्हणजे उलटतपासाला सामोरे जाणे असे. ठाण्याच्या एका शाळेत तिने आयुष्यभर गणित शिकवले, लग्न केले नाही, आणि रहस्यकथांचे तिला इतके वेड होते की बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांना वर्तमानपत्राचे कव्हर घालून ती शिक्षकांच्या खोलीत वाचत बसे. इंग्रजी वाचायचा तिला कंटाळा होता. त्यामुळे मी वाचलेल्या इंग्रजी रहस्यकादंबऱ्या रविवारी दुपारी तिला मराठीतून सांगायच्या, असा आमचा कैक वर्षांचा परिपाठ पडून गेला होता.

नव्वदच्या दशकात मी फोर्टमधल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत उमेदवारी करत होते, आणि फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर तेव्हा जुन्या पुस्तकांच्या उतरंडी लागलेल्या असत. त्या उतरंडीतून एलिझाबेथ पीटर्स या लेखिकेची ‘क्रोकोडाइल ऑन द सँडबँक’ ही कादंबरी हाती लागली. मी ती दोन दिवसांत लोकलमध्ये वाचून संपवली आणि रविवारी मोठ्या उत्साहाने सांगायला बसले. साल १८८४, अमेलिया पीबॉडी नावाची बत्तीस वर्षांची अविवाहित इंग्रज स्त्री, हातात छत्री आणि जिभेवर धार, आपण आता लग्नाच्या बाजारातून बाद झालो आहोत याचे तिला दुःख तर नाहीच, उलट सुटल्यासारखे वाटते आहे, ती इटलीला जाते, तिथून इजिप्तला निघते, उत्खननाच्या तळावर रात्री एक ममी चालताना दिसू लागते, असे मी रंगवून सांगत होते. आत्याने हात वर करून मला थांबवले.

“ममीचं राहू दे. तिच्या नावावर काय आहे ते सांग आधी.”

“वडिलांनी सगळी मिळकत हिलाच दिली आहे. पाच लाख पौंड.”

“मग जाऊ दे इजिप्तला,” आत्या म्हणाली आणि तिने पुन्हा उशीला पाठ टेकली.

तेव्हा मला हसू आले होते. पुढची तीस वर्षे माझा दिवस मृत्युपत्रे, प्रोबेट आणि वारसांचे कज्जे यांतच गेला, आणि व्हिक्टोरियन काळात घडणाऱ्या, चाकोरीबाहेरची नायिका असलेल्या रहस्यकादंबऱ्या मी त्याच तीस वर्षांत वेड्यासारख्या वाचल्या. आता मला वाटते की या साऱ्या साहित्यप्रकाराची किल्ली आत्याने त्याच रविवारी माझ्या हातात दिली होती. या नायिकांविषयी लिहिणारे लोक त्यांच्या कपड्यांविषयी, सिगारेटविषयी, सायकलविषयी आणि फटकळपणाविषयी लिहितात. तिच्या स्वातंत्र्याचा खरा पुरावा मात्र बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकरणात, वकिलाच्या कचेरीत वाचल्या जाणाऱ्या एका कागदावर असतो.

अमेलियाचेच पाहा. ती वडिलांचे घर सांभाळत राहिली आणि भावांनी त्याकडे काणाडोळा केला. मृत्युपत्र उघडल्यावर मात्र त्याच भावांना बहिणीची आठवण येते, आणि ज्या गृहस्थांना काल तिचा चेहरा आठवत नव्हता ते आज मागणी घालू लागतात. लेखिका हे सगळे विनोदाने, चार-दोन पानांत उरकते. माझ्यासारख्या धंदेवाईक वाचकाला मात्र ती पाने पुन्हा वाचावीशी वाटतात, कारण पुढची सारी कादंबरी या पानांच्या व्याजावर चाललेली असते. रोमच्या फोरममध्ये बेशुद्ध पडलेल्या निराधार एव्हलिनला अमेलिया आपली सोबतीण म्हणून ठेवून घेते, कारण तिला ते परवडते. नाइलवर बोट भाड्याने घेते, कारण तिला ते परवडते. तापाने पडलेल्या इमर्सन या पुरातत्त्वज्ञाच्या जागी उत्खननाचा ताबा घेते आणि त्याच्याशी कडाकडा भांडते, कारण तो तिला कामावरून काढू शकत नाही. स्वभाव धीट असणे ही एक गोष्ट झाली, पण तो धीटपणा चारचौघांत वापरता येण्यासाठी पायाखाली जमीन लागते, आणि ती अमेलियाच्या नावावर आहे.

या अमेलियाचे नाव एका खऱ्या अमेलियावरून आलेले आहे. अमेलिया एडवर्ड्‌स ही १८३१ साली जन्मलेली इंग्रज कादंबरीकार. तिचे आई-वडील १८६० मध्ये काही दिवसांच्या अंतराने वारले, लेखणीवर पोट भरत ती अविवाहित राहिली, आणि १८७३ च्या हिवाळ्यात फ्रान्समधल्या पावसाला कंटाळून ती जी निघाली ती थेट कैरोला पोहोचली. १८७७ मध्ये ‘अ थाउजंड माइल्स अप द नाइल’ हे तिचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. इजिप्तमधील वास्तूंची लूट आणि मोडतोड पाहून तिने पुढाकार घेतला आणि १८८२ मध्ये इजिप्त एक्स्प्लोरेशन फंड ही संस्था उभी राहिली. मला सर्वांत भावते ते तिचे मृत्युपत्र. १८९२ मध्ये ती वारली तेव्हा तिने आपला ग्रंथसंग्रह, पुरावस्तू आणि पैसा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला दिला, कारण स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदवी देणारी संस्था म्हणून ते तिला जवळचे होते. त्या पैशातून इंग्लंडमधले इजिप्तविद्येचे पहिले अध्यासन निर्माण झाले. अटी तिने अशा घातल्या होत्या की त्या जागेवर फ्लिंडर्स पेट्री या पुरातत्त्वज्ञाखेरीज दुसरे कोणी बसणे जवळजवळ अशक्यच व्हावे. मृत्युपत्राचा मसुदा करणाऱ्याने असा मसुदा पाहिला की मनातल्या मनात टोपी काढावी. कादंबरीतली अमेलिया वडिलांच्या मृत्युपत्रामुळे स्वतंत्र होते, आणि खरी अमेलिया स्वतःच्या मृत्युपत्राने एका विद्याशाखेची घडी बसवते. या दोन कागदांच्या मधली जागा हीच मला या साऱ्या नायिकांची जागा वाटते.

एलिझाबेथ पीटर्स हे टोपणनाव होते. बार्बरा मर्ट्‌झ हे लेखिकेचे खरे नाव, आणि १९५२ मध्ये तिने शिकागो विद्यापीठातून इजिप्तविद्येत डॉक्टरेट मिळवली होती. तिच्या विनोदामागे म्हणूनच पक्के ज्ञान आहे. पेट्रीला १८९१-९२ च्या हंगामात इजिप्तमध्ये अमार्ना येथे अखेनातेन या प्राचीन राजाच्या राजवाड्यातली रंगवलेली जमीन सापडली, तेव्हा ती टिकावी म्हणून त्याने तिच्यावर टॅपिओकाचे पातळ द्रावण, म्हणजे आपल्या भाषेत साबुदाण्याची खळ, बोटाच्या कडेने हलक्या हाताने पसरली होती. कादंबरीतही अशीच एक चित्रांची जमीन आहे आणि तिच्यावर अशीच खळ चढवली जाते. उपासाच्या दिवशी साबुदाणा भिजत घालताना मला अखेनातेन आठवतो, त्याला ही बाई कारण आहे. मात्र विद्वत्ता आणि पदवी असूनही बार्बरा मर्ट्‌झला त्या विषयात नोकरी मिळाली नाही. १९७५ पासून ती अमेलियाच्या कथा लिहीत राहिली आणि ते काम २०१३ मध्ये तिच्या मृत्यूपर्यंत चालले. जे उत्खनन तिला प्रत्यक्षात करायला मिळाले नाही, ते तिने पाच लाख पौंड देऊन दुसरीकडून करवून घेतले, असे म्हटले तर ते फार चुकीचे होणार नाही.

आता सालांकडे पाहू. अमेलिया १८८४ मध्ये निघते. डिॲना रेबॉर्न या लेखिकेची लेडी ज्युलिया ग्रे पहिल्याच पानावर विधवा होते, तीही ऐंशीच्या दशकात, आणि त्याच लेखिकेची फुलपाखरांची अभ्यासक व्हेरॉनिका स्पीडवेल १८८७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, आपल्यासमोर येते. शेरी थॉमस हिची शार्लट होम्स १८८६ मधली आहे. इतक्या जणी त्याच दशकात का जमतात, याचे सोपे उत्तर असे की शेरलॉक होम्स १८८७ मध्ये अवतरला आणि लंडनच्या व्हाइटचॅपल भागातले जॅक द रिपरचे खून १८८८ मध्ये झाले, म्हणून धुके आणि गॅसचे दिवे वाचकाला त्याच काळात हवे असतात. पण कायद्याच्या पुस्तकात आणखी एक तारीख आहे. १ जानेवारी १८८३ रोजी इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८८२ चा कायदा अमलात आला. त्यापूर्वी लग्न झाले की स्त्रीची कायदेशीर ओळख नवऱ्याच्या ओळखीत विरघळून जात असे. तिची रोकड, दागिने, घरातले सामान त्याचे होई. १८७० च्या कायद्यापर्यंत तिने मिळवलेला पगारही त्याचाच होता. आणि विश्वस्तांमार्फत वेगळी राखून ठेवलेली मिळकत सोडली, तर नवऱ्याच्या संमतीवाचून तिला मृत्युपत्रही करता येत नसे. सात-बाराच्या उताऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ असा शेरा असतो आणि त्याचा पालनकर्ता कोण ते पुढे लिहिलेले असते. व्हिक्टोरियन काळातली बायको म्हणजे तो शेरा आयुष्यभर कपाळावर घेऊन हिंडणारी बाई होती.

लेखिकांनी हे दशक कायद्याचा विचार करून निवडले असे माझे म्हणणे नाही. तरीही या नायिका १८८३ नंतर जितक्या मोकळेपणाने प्रेमात पडतात तितक्या त्यापूर्वी पडू शकल्या नसत्या. अमेलियाने १८६५ मध्ये इमर्सनशी लग्न केले असते तर, आधी वकील गाठून करार केला नसेल, तिची रोकड चर्चच्या दारातच त्याच्या खिशात गेली असती, आणि पुढच्या साऱ्या कादंबऱ्यांत उत्खननाच्या खर्चाची मंजुरी तो देत बसला असता. विधवांची गोष्ट निराळी होती. विधवा ही कायद्याच्या दृष्टीने पूर्ण व्यक्ती होती, करार करू शकत होती, दावा लावू शकत होती. लेडी ज्युलिया नवऱ्याच्या प्रेताशेजारी आपल्या भावी साथीदाराला भेटते, वर्षभर काळे कपडे घालते आणि मग शोधाला लागते, यात लेखिकेचा वाह्यातपणा आहे तसा कायद्याचा अचूक हिशेबही आहे. सुतक हा त्या समाजात एवढा मोठा व्यवहार होता की लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर ‘जेज’ नावाचे केवळ शोकवस्त्रांचे दुकान १८४१ पासून चालत होते. आणि क्रेपच्या काळ्या बुरख्याआडची बाई लंडनमध्ये कुठेही गेली तरी तिला कोणी हटकत नसे. रहस्यकथेला याहून सोयीचा वेश सापडणे कठीण.

ज्यांच्या नावावर काही नाही त्यांच्या कथा मला जास्त धरून ठेवतात. ॲन पेरी हिची शार्लट १८८१ मध्ये आपल्याला प्रथम भेटते तेव्हा ती घरातल्या बटलरच्या मेहरबानीने, चोरून वर्तमानपत्र वाचत असते, कारण घरातल्या स्त्रियांनी ते वाचणे वडिलांना मान्य नसते. खुनाच्या बातम्या चोरून वाचणारी मुलगी पुढे पोलीस अधिकाऱ्याशी लग्न करते, आणि आपल्या पायरीखाली उतरण्याची किंमत कादंबऱ्यांच्या मालिकेभर मोजते: मोलकरीण एकच, कपडे बहिणीकडून उसने, कोळसा जपून. त्याच लेखिकेची हेस्टर लॅटर्ली क्रिमियन युद्धात परिचारिका होती. तिथे तिने जखमींचे मरण पाहिले, निर्णय घेतले, आणि परत येऊन पाहते तो लंडनमध्ये तिच्याकडून चादरी बदलण्यापलीकडे कुणाची अपेक्षा नाही. पण परिचारिका म्हणून तिला श्रीमंतांच्या शयनगृहात प्रवेश आहे, आणि आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या बाईसमोर लोक काहीही बोलतात. घराचे दार पोलिसाला बंद असते तेव्हा ते तिला उघडे असते. तिच्या रहस्यकथेचे सारे यंत्र या एका दारावर फिरते.

ही युक्ती आजच्या लेखिकांची नाही. १८६४ या एकाच वर्षी लंडनमध्ये स्त्री-गुप्तहेराच्या कथांची दोन पुस्तके निघाली, आणि त्यांतल्या एकातली मिसेस पॅस्कल संशयिताच्या मागे तळघरात उतरताना पोलादी कड्यांचा तो अवाढव्य क्रिनोलीन, म्हणजे घागऱ्याखालचा सांगाडा, काढून बाजूला ठेवते. नवरा अचानक गेला, पैसा उरला नाही, म्हणून आपण हे काम पत्करले असे ती सांगते. कॅथरीन लुइझा पर्किस या लेखिकेची लव्हडे ब्रूक १८९३ मध्ये मासिकातून आली; तिशी ओलांडलेली, साधी, काळ्या कपड्यांतली ही बाई फ्लीट स्ट्रीटजवळच्या एका खासगी हेरकचेरीत पगारावर काम करते, आणि दैवाच्या एका फेऱ्याने निर्धन झाल्यावर तिच्यापुढे दुसरा मार्ग उरलेला नसतो. गंमत अशी की या कथा छापल्या जात होत्या तेव्हा प्रत्यक्षात इंग्लंडच्या पोलिसांत एकही स्त्री-गुप्तहेर नव्हती. अटक करण्याचा पूर्ण अधिकार असलेली पहिली स्त्री-पोलीस, ईडिथ स्मिथ, ग्रँथम गावी नेमली गेली ती १९१५ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत. त्या जुन्या नायिकांना लेखक निदान पोटासाठी बाहेर काढत होते. आजच्या नायिकेला पुष्कळदा केवळ कुतूहल पुरते, आणि माझा विश्वास तिथे थोडा डळमळतो.

या बाबतीत शेरी थॉमसची कल्पना मला सर्वांत धारदार वाटते. तिच्या शार्लट होम्सला वडिलांनी शब्द दिलेला असतो की पंचविशीपर्यंत तिचे लग्न झाले नाही तर मुख्याध्यापिका होण्यासाठी तिच्या शिक्षणाचा खर्च ते करतील. वेळ आल्यावर ते शब्द फिरवतात. शार्लट मग थंड डोक्याने स्वतःची अब्रू घालवते, म्हणजे लग्नाचा प्रश्नच मिटावा. घराबाहेर पडते, लंडनमध्ये नोकरी शोधते आणि अब्रू गेलेल्या मुलीला कोणी नोकरी देत नाही हे गणित तिच्या लक्षात येते. शेवटी ती एक भाऊ निर्माण करते. त्याचे नाव शेरलॉक, तो फार आजारी असून शेजारच्या खोलीत पडून असतो, बहीण फक्त त्याचे निरोप पोहोचवते. गिऱ्हाईक समोर बसलेल्या बाईच्या बुद्धीचे पैसे भिंतीपलीकडच्या पुरुषाला देतात. मी ही गोष्ट आत्याला सांगू शकले नाही, कारण ही कादंबरी २०१६ मध्ये आली आणि आत्या त्याआधी गेली होती. पण तिने काय म्हटले असते ते मला ठाऊक आहे. आमच्या कचेरीत येणाऱ्या किती कागदांवर धंदा बाईने चालवलेला आणि परवाना भावाच्या नावावर असतो, हे तिला मी कधीच सांगून ठेवले होते.

या कथांतल्या खुनी बायकांकडे पाहिले की एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते. नायिका आणि आरोपी यांच्यापुढची अडचण बहुतेक वेळा एकच असते. नायिकेची अडचण मृत्युपत्राने सुटलेली असते आणि आरोपीने ती सोमलाने सोडवलेली असते. सोमल म्हणजे आर्सेनिक त्या काळी उंदरांसाठी, माश्यांसाठी, रंगासाठी सर्रास विकले जाई. १८५१ च्या कायद्याने विक्रेत्याला नोंदवही ठेवणे आणि खरेदीदाराची सही घेणे भाग पाडले, आणि चूर्ण पांढरेशुभ्र दिसून साखरेत खपून जाऊ नये म्हणून त्यात काजळी किंवा नीळ मिसळणे बंधनकारक केले. सोमल फक्त प्रौढ पुरुषांनाच विकावा अशी तरतूद त्या विधेयकात घुसली होती, जॉन स्टुअर्ट मिलने तिच्याविरुद्ध गृहमंत्र्याला पत्र लिहिले आणि ती गळली. परिणामी ज्या विवाहितेची सही करारावर चालत नव्हती, तिची सही औषधविक्रेत्याच्या वहीत मात्र चालू लागली.

ग्लासगोची मॅडलीन स्मिथ विवाहित नव्हती. वास्तुविशारदाची ही एकवीस वर्षांची मुलगी होती. एका सामान्य कारकुनाला तिने प्रेमपत्रांवर प्रेमपत्रे लिहिली होती, घरच्यांनी दुसरीकडे लग्न ठरवले, आणि तो ती पत्रे तिच्या वडिलांना दाखवण्याची धमकी देत असताना सोमलाने मेला. तिने सोमल विकत घेतला होता आणि वहीत सहीही केली होती. १८५७ मध्ये खटला चालला आणि पंचांनी स्कॉटलंडच्या तेव्हाच्या कायद्यातला तिसरा निकाल दिला, ‘सिद्ध झाले नाही’. या खटल्याची हकीगत मी जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा मला वाटते की याच मुलीला कोण्या मावशीने शंभर पौंडांचे वर्षासन ठेवले असते, तर तिने पत्रे परत मिळवण्याऐवजी त्या कारकुनाला दार दाखवले असते. कदाचित वाटते तेवढे सोपे ते नसेलही. पण रहस्यकादंबरी लिहिणारी कोणतीही हुशार बाई त्या नोंदवहीतल्या सहीपाशी थांबल्यावाचून राहणार नाही.

माझी एक तक्रारही आहे. या नायिकांची मते फार बरोबर असतात. मताधिकाराला पाठिंबा, नोकरांशी समभाव, वंशभेदाचा तिटकारा, कॉर्सेटचा द्वेष हे सगळे त्यांना १८८० मध्येच सुचलेले असते. खऱ्या बायका अशा सरळ नव्हत्या. मेरी किंग्जली हिचे आई-वडील १८९२ मध्ये लागोपाठ गेले आणि तीस वर्षांची ही मुलगी पुढच्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेला एकटी निघाली; शिकारीसाठी खणलेल्या, टोकदार खुंट्या रोवलेल्या खड्ड्यात ती पडली तेव्हा जाड घागऱ्याने तिचा जीव वाचवला आणि त्या घागऱ्याचे गुणगान तिने पुस्तकात केले. पॅन्ट घालण्याचा सल्ला तिने कधीच मानला नव्हता. हीच मेरी स्त्रियांच्या मताधिकाराच्या विरोधात होती. अशी नायिका मला कादंबरीत हवी आहे, जी मगरीला वल्ह्याने हाणेल आणि मतदानाला नाक मुरडेल. अमेलिया पीबॉडी या बाबतीत निदान प्रामाणिक आहे. ती इजिप्तमधल्या गावकऱ्यांचे डोळे धुते, त्यांना औषधे पाजते, ‘सित्त हकीम’, म्हणजे डॉक्टरीणबाई, म्हणवून घेते, आणि आपल्याला या लोकांचे भले त्यांच्यापेक्षा जास्त कळते याविषयी तिला तिळमात्र शंका नसते. ब्रिटिश सैन्य १८८२ मध्ये इजिप्तमध्ये शिरले आणि अमेलिया त्यानंतर दोनच वर्षांनी छत्री घेऊन तिथे उतरते. लेखिका तिची थट्टा करते खरी, पण वसाहतीत वाढलेल्यांच्या नातीला त्या थट्टेवर हसताना मधूनच ठसका लागतो.

आपल्याकडे याच वर्षांत काय चालले होते, हे आठवल्यावाचून मला या कादंबऱ्या वाचता येत नाहीत. अमेलिया ज्या १८८४ साली निघाली त्याच साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दादाजी भिकाजी याने रखमाबाईविरुद्ध दावा लावला. तिचे लग्न ती लहान असताना झाले होते आणि ती नांदायला जात नव्हती. रखमाबाईच्या आईने पुनर्विवाह करण्यापूर्वी पहिल्या नवऱ्याची मिळकत मुलीच्या नावे करून दिली होती, आणि दादाजीचा डोळा त्या मिळकतीवर आहे असे रखमाबाईच्या बाजूने सांगितले जात होते. १८८५ मध्ये तिने ‘अ हिंदू लेडी’ या सहीने टाइम्स ऑफ इंडियात पत्रे लिहिली; सही कुणाची हे शोधण्यात मुंबई गुंतली, आणि हे तर शुद्ध रहस्यकथेचे कथानक झाले. मार्च १८८७ मध्ये निकाल लागला की नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंगात जाईन असे तिने सांगितले. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने दावा मिटवला, आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाली. मी त्याच न्यायालयाच्या दगडी जिन्यांवरून तीस वर्षे ये-जा केली आहे. कादंबरीतली व्हेरॉनिका १८८७ मध्ये लंडनमध्ये फुलपाखरे टाचण्यांना टोचत होती, तेव्हा या जिन्यावरून कोण उतरत होती हे मला विसरता येत नाही.

नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची पदवी परीक्षा देऊन बसली. परीक्षा देणारी ती पहिली स्त्री; पदवी हातात पडायला मात्र आणखी तीस वर्षे गेली. बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये, म्हणजे अज्ञान आणि स्त्री वारसांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात, तिने पडदानशीन जमीनदारणींच्या मिळकतीचे काम पाहिले, कारण पुरुष वकिलाला जनानखान्यात पाऊल टाकता येत नव्हते. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन सुजाता मॅसी या लेखिकेने पर्वीन मिस्त्री ही पारशी वकील निर्माण केली. पर्वीनची पहिली कादंबरी २०१८ ची. काळ १९२१, म्हणजे राणी जाऊन वीस वर्षे झालेली, पण प्रश्न तोच. मलबार हिलवरच्या बंगल्यात पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा आपल्या हक्काच्या रकमा सोडून देत आहेत, आणि कागदांवरच्या सह्या पर्वीनला संशयास्पद वाटतात. सही पाहून संशय येणारी नायिका! त्या पानावर मी पुस्तक मिटवले आणि खिडकीबाहेर पाहत बसले, कारण माझ्या अर्ध्या आयुष्याचे काम कुणीतरी रहस्यकथा म्हणून छापले होते.

आत्याचे मृत्युपत्र मीच केले. ठाण्यातली एक खोली आणि स्वयंपाकघर एवढीच तिची स्थावर मिळकत होती, पण १९७१ च्या खरेदीखतावर तिचे एकटीचे नाव होते, आणि मसुद्यात ‘अविवाहित’ या शब्दाच्या आधी ‘निवृत्त शिक्षिका’ हे शब्द आले पाहिजेत असा तिचा हट्ट होता. दोन साक्षीदार शेजारचेच होते. प्रत्येक पानावर तिने फळ्यावर लिहावे तशी मोठी, गोल सही केली आणि मग मला विचारले की अमेलियाच्या बापाच्या मृत्युपत्राला साक्षीदार कोण होते. कादंबरीत तसे काही दिलेले नाही, असे मी म्हटले. “मग भाऊ कोर्टात टिकले नसते असं कशावरून?” असे ती म्हणाली. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही.

सध्या मी एक नवी कादंबरी वाचते आहे. साल १८८९, नायिका छायाचित्रकार आहे, लंडनमध्ये दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे, मृतांची छायाचित्रे काढते आणि त्यातल्या एका मृताच्या गळ्यावर तिला काहीतरी दिसले आहे. भाषा चांगली आहे, धुके माफक आहे. काल घाटकोपरपर्यंत माझी चौसष्ट पाने झाली. काचेच्या प्लेटा, रसायने, दुसऱ्या मजल्यावरचा उत्तरेचा उजेड हे सगळे लेखिकेने फार प्रेमाने लिहिले आहे, पण त्या दोन खोल्यांचे भाडे कोण भरते ते अजून तिने सांगितलेले नाही.